जपानमधला पहिला व्हॅलेंटाइन: चॉकलेट कुणाला द्यायचं, परतभेट कधी करायची

जानेवारीच्या मध्यावर जपानमधल्या दुकानांतली नववर्षाची सजावट उतरते आणि तिच्या जागी चॉकलेटची टेबलं मांडली जातात. पुण्या-मुंबईहून नोकरीला किंवा शिकायला नुकत्याच आलेल्या माणसाला वाटतं, व्हॅलेंटाइन डे तर आपल्याला ठाऊक आहे. मुलानं मुलीला गुलाब द्यायचा, बाहेर जेवायला जायचं, झालं. इथे तसं नाही. इथे १४ फेब्रुवारीला बाई पुरुषाला चॉकलेट देते आणि पुरुष बरोबर महिन्यानं, १४ मार्चला, परतभेट करतो. त्या दुसऱ्या दिवसाचं नाव व्हाइट डे. (दोघांनी झकपक हॉटेलात जेवायला जायची रात्र इथे मुख्यतः नाताळची, २४ डिसेंबरची.)

नव्या माणसाकडून दोन चुका हमखास होतात. ऑफिसात हातावर ठेवलेल्या छोट्या चॉकलेटचा भलताच अर्थ काढणं ही पहिली. कुणी जीव लावून दिलेल्या चॉकलेटला काहीच उत्तर न देणं ही दुसरी, आणि ती माझ्या मते फार वाईट. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन चुका टाळण्यासाठीच आहेत.

हा दिवस जपानमध्ये रुजला कसा

मुळातला संत व्हॅलेंटाइन हा तिसऱ्या शतकातला रोमचा ख्रिस्ती हुतात्मा. त्याच्याविषयी खात्रीची माहिती इतकी थोडी, की १९६९ साली कॅथलिक चर्चनं त्याचा दिवस आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढून टाकला. प्रेमाशी या दिवसाचं नातं दिसू लागतं ते १४व्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या काव्यात. तिथे पक्षी या दिवशी आपला जोडीदार निवडतात. चॉकलेट त्याहून खूप नंतरचं. इंग्लंडच्या रिचर्ड कॅडबरीनं १८६८ मध्ये हृदयाच्या आकाराचा चॉकलेटचा डबा विकायला आणला.

जपानची गोष्ट सुरू होते कोबे बंदरात. तिथल्या मोरोझोफ या मिठाईवाल्यांनी फेब्रुवारी १९३६ मध्ये एका इंग्रजी वृत्तपत्रात, जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी, व्हॅलेंटाइनच्या चॉकलेटची जाहिरात दिली. ती तेवढ्यावरच राहिली. युद्धानंतर, १९५८ मध्ये, मेरी चॉकलेट या कंपनीनं तोक्योच्या शिंजुकुमधल्या इसेतान दुकानात खास विक्री लावली. तीन दिवसांत ५० येनची तीन चॉकलेटं आणि २० येनचं एक कार्ड खपलं, म्हणजे गल्ल्यात आले १७० येन! पुढच्या वर्षी त्यांनी हृदयाच्या आकाराचं, वर नाव कोरून मिळणारं चॉकलेट आणलं आणि ‘बाईनं पुरुषाला द्यायचं’ अशी जाहिरात केली. दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक बायकांचंच होतं, हे त्यामागचं साधं गणित. पण ज्या काळात मुलीनं आपणहून मनातलं बोलणं रीतीला धरून नव्हतं, त्या काळात वर्षातला एक दिवस तिला ती मुभा मिळाली. १९७० च्या दशकात शाळा-कॉलेजातल्या मुलींनी हा दिवस उचलून धरला, आणि मग तो देशभर पसरला.

व्हाइट डे क्यूशू बेटावरच्या फुकुओकाचा. इशिमुरा मानसेइदो हे तिथलं जुनं मिठाईचं दुकान, मार्शमेलोत, म्हणजे मऊ, फुगीर गोळीत, गोड घेवड्याचं सारण भरलेल्या ‘त्सुरुनोको’साठी प्रसिद्ध. एका मासिकात कुणा वाचक बाईनं लिहिलं होतं, की पुरुष चॉकलेट घेतात आणि परत काहीच देत नाहीत हे बरं नव्हे. निदान मार्शमेलो तरी द्यावा. दुकानाच्या मालकांनी ते मनावर घेतलं आणि चॉकलेट पोटात घेतलेला मार्शमेलो तयार केला. तारीख ठरवताना स्थानिक इवाताया डिपार्टमेंट स्टोअरनं आपलं कॅलेंडर पाहून १४ मार्च सुचवली, कारण तेव्हा दुसरी कुठली विक्री नव्हती. १९७८ मध्ये ‘मार्शमेलो डे’ साजरा झाला. देशभरच्या गोळ्या-मिठाईवाल्यांच्या संघटनेनं तीच तारीख धरून १९८० पासून ‘व्हाइट डे’ सुरू केला.

दोन्ही दिवस व्यापाऱ्यांनी घडवले हे खरं. पण ते टिकले, कारण ‘ओकाएशी’, म्हणजे मिळालेल्या भेटीची भेटीनं परतफेड, ही जपानची जुनीच रीत आहे. शेजारणीचा आलेला डबा रिकामा परत धाडायचा नाही हे ज्याच्या घरात पाळलं जातं, त्याला व्हाइट डे वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पहिली पायरी: जानेवारीतच ऑफिसची रीत विचारून घ्या

चॉकलेट घ्यायला धावण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सरळ विचारा, आपल्याकडे १४ तारखेला काय करतात. उत्तर जागोजागी वेगळं मिळेल. कुठे सगळ्या बायका थोडे थोडे पैसे काढून एक मोठा डबा आणतात. कुठे प्रत्येक जण हवं तर देतो. कुठे कंपनीनंच ही देवाणघेवाण बंद केलेली असते. अलीकडे ‘आमच्याकडे काही नसतं’ हे उत्तर जास्त ऐकू येतं आणि मला ते चांगलं वाटतं; टीममधल्या वीस पुरुषांसाठी पदरचे पैसे खर्च करायचा भार बायकांनी का उचलायचा? १ फेब्रुवारी २०१८ ला गोदिवा या चॉकलेट कंपनीनंच निक्केई या अर्थविषयक दैनिकात पानभर जाहिरात देऊन, ‘कर्तव्य म्हणून चॉकलेट देणं जपाननं थांबवावं’ असं म्हटलं होतं. चॉकलेट विकणाऱ्यानंच असं म्हणावं, यावरून या रीतीचं किती ओझं झालं होतं ते कळतं.

तेव्हा रीत नसेल तर तुम्ही नव्यानं पाडू नका. असेल आणि वर्गणी मागितली तर द्या, कोण किती देतंय याची चौकशी करू नका.

वारही बघून ठेवा. लीप वर्ष सोडलं तर १४ फेब्रुवारी आणि १४ मार्च एकाच वारी येतात. २०२७ मध्ये दोन्ही रविवारी आहेत. अशा वर्षी ऑफिसातलं देणंघेणं बहुतेक आधीच्या शुक्रवारी उरकतात.

दुसरी पायरी: कुणासाठी कुठलं, ते ठरवा

इथे चॉकलेटला नात्याप्रमाणे नावं आहेत, आणि दुकानातली पाटी वाचतानाही ती उपयोगी पडतात.

‘गिरि-चोको’ हे कर्तव्याचं: साहेब, सहकारी, ओळखीचे लोक. त्यात प्रेमाचा लवलेश नसतो, आणि तो नाही हे दिसायलाही हवं असतं. म्हणून ते लहान, स्वस्त आणि सगळ्यांना एकसारखं असतं. युराकु कंपनीच्या ‘ब्लॅक थंडर’ या स्वस्तातल्या चॉकलेटची तर ‘बघताक्षणी कळतं की हे गिरि आहे’ अशीच जाहिरात झाली होती. एका माणसामागे दोनशे ते पाचशे येन म्हणजे पुष्कळ झाले. हजाराच्या वर गेलात तर घेणाराच अवघडतो.

‘होनमेइ-चोको’ हे मनातल्या माणसाचं. नवरा, प्रियकर, किंवा ज्याला अजून सांगितलेलंच नाही तो. साधारण दोन ते पाच हजार येनचा डबा किंवा घरी केलेलं, सोबत स्वतःच्या हातानं लिहिलेल्या चार ओळी. या चिठ्ठीवाचून होनमेइ पुरं होत नाही असं मी म्हणेन.

‘तोमो-चोको’ मैत्रिणी-मैत्रिणींचं, शाळकरी मुलींमध्ये फार जोरात. ‘जिबुन-चोको’ स्वतःचं स्वतःला, आणि आता महागडी चॉकलेटं खपतात ती बरीचशी यातच. पुरुषानं १४ फेब्रुवारीला बाईला दिलं तर ते ‘ग्याकु-चोको’, उलट्या दिशेचं. २००९ मध्ये मोरिनागा कंपनीनं त्यासाठी आपल्या दार्स चॉकलेटचं वेष्टन आरशातल्यासारखं उलटं छापलं होतं. मराठी नवऱ्यांनी हे बिनदिक्कत करावं, घरी कुणाची हरकत नसते. ऑफिसातल्या एखाद्याच सहकारी मुलीला मात्र या दिवशी काही देऊ नका. तिला त्याचा अर्थ लावत बसावं लागतं.

तिसरी पायरी: खरेदी

गिरि घ्यायला सुपरमार्केट पुरे. सुटी चॉकलेटं डब्यात घालून फिरवण्यापेक्षा एकेक वेगळं बांधलेलं पाकीट घ्या. जपानमध्ये लोक मिळालेला खाऊ टेबलावर ठेवतात आणि सवडीनं खातात, म्हणून प्रत्येकाला आपापलं बंद पाकीट मिळालेलं बरं.

होनमेइसाठी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जा. त्या खाद्यविभागाला ‘देपाचिका’ म्हणतात. शिवाय जानेवारीच्या उत्तरार्धापासून वरच्या मजल्यावर खास चॉकलेटमेळे भरतात. तोक्योत इसेतानशी जोडलेला सालों द्यु शोकोला आणि नागोयात जेआर ताकाशिमायाचा आमूर द्यु शोकोला हे नावाजलेले. नामांकित कारागिरांचे डबे तिथे लवकर संपतात, त्यामुळे १३ तारखेवर विसंबू नका. कामाच्या दिवशी दुकान उघडतानाच गेलात तर जरा मोकळं सापडतं. किमती पाहून दचकू नका: कोकोचे भाव डिसेंबर २०२४ मध्ये टनाला १२,००० डॉलरच्या वर गेले होते, आणि त्याची झळ जपानच्या चॉकलेटलाही लागली.

पैसे देताना ‘पुरेझेंतो यो देसु’ म्हणा, म्हणजे भेटीसाठी आहे हे कळून नीट बांधून देतात. चार डबे घेतले असतील तर ‘कोवाके-बुकुरो’, म्हणजे ज्यात घालून एकेकाला द्यायचं त्या छोट्या पिशव्या, मागून घ्या. काही ठिकाणी पिशवीचे पैसे पडतात.

घरी करायचं असेल तर पहिल्यांदा ‘नामा-चोको’, म्हणजे क्रीम घातलेलं मऊ चॉकलेट, करा, ते सहसा बिघडत नाही. साधी ५० ग्रॅमची चार चॉकलेटं बारीक चिरा. १०० मिलि क्रीम कडेनं बुडबुडे येईपर्यंत तापवा, चॉकलेटवर ओता, मिनिटभर थांबून एकजीव होईस्तोवर हलक्या हातानं ढवळा. कागद लावलेल्या चौकोनी डब्यात ओतून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीनं वड्या पाडा आणि वर कोको पावडर चाळा. क्रीम घेताना पाकिटावर ‘होइप्पु’ लिहिलंय का पाहा. ते बहुतेक वनस्पती-तेलाचं असतं आणि त्याला दुधाच्या क्रीमची चव येत नाही. साचे, छोटे डबे, फिती १०० येनच्या दुकानात मिळतात. या वड्या फ्रिजमध्येच ठेवायच्या आणि दोन-तीन दिवसांत संपवायच्या. घरचं चॉकलेट फक्त जवळच्या माणसाला द्या. ऑफिसात ते खायला पुष्कळांना संकोच वाटतो, आणि त्यात तुमच्या हाताच्या चवीचा काही दोष नाही.

चौथी पायरी: शाकाहारी असाल तर पाकिटाची मागची बाजू वाचा

आपल्या लोकांची सगळ्यात जास्त अडचण इथेच होते. भारतातल्यासारखा हिरवा ठिपका जपानी पाकिटावर नसतो. फोनच्या कॅमेऱ्यातलं भाषांतराचं ॲप घटकांच्या यादीवर धरा आणि तीन गोष्टी शोधा.

‘झेराचिन’, म्हणजे जिलेटिन, हे बहुधा डुकराच्या किंवा गाईच्या कातडी-हाडांपासून काढतात. मार्शमेलोत आणि पुष्कळशा मऊ, चघळायच्या गोळ्यांत ते असतं. ‘योशु’ म्हणजे दारू: रम, ब्रँडी वगैरे. ट्रफल (चॉकलेटचे मऊ गोळे) आणि नामा-चोको प्रकारांत ती सर्रास असते, आणि हिवाळ्यात लोत्ते कंपनीची रमी, बक्कस अशी खास दारूची चॉकलेटंही येतात. लहान मुलांच्या हाती डबा देण्याआधी हे नक्की पाहा. ‘तामागो’ किंवा ‘रान’ म्हणजे अंडं. बिस्किटं, केक आणि माकारोन (बदामाच्या पिठाची फ्रेंच मिठाई) यांत ते बहुतेक सापडतंच. साधं दुधाचं किंवा काळं चॉकलेट घेतलं तर बहुतेक वेळा या तिन्हींतून सुटका होते.

तुम्हाला मिळालेल्या डब्यात असलं काही निघालं तर देणाऱ्याला ते ऐकवू नका. घरी न्या, खाणाऱ्या मित्राला द्या. पुढच्या वर्षी बोलण्याच्या ओघात तुम्ही काय खात नाही हे आधीच कळू द्या. जपानी माणूस ते लक्षात ठेवतो.

पाचवी पायरी: देताना

ऑफिसात सकाळी किंवा दुपारच्या सुट्टीत द्या. दोन्ही हातांनी. ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते इमासु’, म्हणजे ‘नेहमी तुमची मदत होते’, इतकं म्हटलं की ते गिरि आहे हे दोघांनाही कळतं आणि कुणी अवघडत नाही. टीममधल्या सगळ्यांना एकाच वेळी, एकच वस्तू. कुणी जागेवर नसेल तर छोटी चिठ्ठी लावून टेबलावर ठेवा.

होनमेइ चारचौघांत देऊ नका. भेटायची वेळ ठरवा, आणि पहिल्यांदाच मनातलं सांगणार असाल तर सरळ शब्दांत सांगा. इथे त्या सांगण्याला ‘कोकुहाकु’ म्हणतात. ‘सुकी देसु. त्सुकिआत्ते कुदासाई’, म्हणजे ‘तुम्ही मला आवडता, माझ्याशी प्रेमाचं नातं जोडाल का’, असं कुणीतरी म्हटल्याशिवाय नातं जुळलं असं बरेच जण धरत नाहीत. सूचक बोलून समोरच्याला कळेल अशी आशा धरू नका, विशेषतः भाषा दोघांची एक नसताना.

सहावी पायरी: मिळालं तर

तिथेच उघडायचं नाही. आभार माना, बॅगेत ठेवा. त्याच दिवशी फोनमध्ये टिपून ठेवा: कुणी दिलं, काय, साधारण किती किमतीचं. यात हिशेबीपणा नाही. महिन्यानं कुणी राहून गेलं तर ज्याचं राहिलं त्याला ते लागतं. दुसऱ्या दिवशी भेटल्यावर ‘छान होतं’ म्हणा, चव आठवून म्हणालात तर जास्तच चांगलं.

गिरि की होनमेइ? शेजाऱ्याकडे तोच डबा असेल तर गिरि. तुमच्या एकट्याकडे असेल, आत हातानं लिहिलेली चिठ्ठी असेल, देताना ती मुलगी तुम्हाला बाजूला बोलावून गेली असेल, तर बहुधा होनमेइ. तरी शंका राहिली तर गिरि समजून चाला, वागणं नेहमीसारखं ठेवा आणि परतभेट मात्र नीट करा.

सातवी पायरी: व्हाइट डे

परतभेट तिप्पट किमतीची हवी असा एक जुना समज आहे. त्याला बांधून घेऊ नका. गिरिला साधारण तेवढ्याच किंवा थोड्या जास्त किमतीचं काही दिलं की पुरे. वर्गणीतून मोठा डबा मिळाला असेल तर पुरुषांनीही वर्गणी काढून द्यावं. हे जमवायला मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी करेल.

काय द्यायचं यावर लोकांनी अर्थ चिकटवले आहेत. कडक गोळ्या म्हणजे ‘आवडतेस’, बिस्किटं म्हणजे ‘मैत्रीण आहेस’, माकारोन म्हणजे ‘तू खास आहेस’, आणि मार्शमेलो म्हणजे ‘नको’. ज्या मार्शमेलोनं हा दिवस सुरू झाला त्याच्याच वाट्याला नकार यावा, याचं वाईट वाटतं. सगळेच हे मानतात असं नाही, पण ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या मनाला लागू शकतं. म्हणून ऑफिससाठी बिस्किटं बिनधोक. रुमाल टाळा, त्यात ताटातुटीचा अर्थ बघतात, कंगवाही नको. चार किंवा नऊ नगांचा डबा शक्यतो घेऊ नका, हे आकडे उच्चाराला मृत्यू आणि यातनेच्या जवळचे आहेत.

१४ मार्च चुकवू नका. जपानचं कामकाजाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि १ एप्रिलला बदल्या होतात. ‘पुढच्या महिन्यात देऊ’ म्हणाल तोवर ती व्यक्ती ओसाकाच्या ऑफिसात गेलेली असेल.

होनमेइचं उत्तर निराळं. मन जुळत असेल तर १४ मार्चपर्यंत थांबायचं कारण नाही, आधी सांगा आणि त्या दिवशी भेट द्या. जुळत नसेल तर तेही आठवड्याभरात, समोरासमोर, हळू आवाजात सांगा: चॉकलेटबद्दल आभार, तुमच्या भावनेबद्दल आभार, पण मी ते स्वीकारू शकत नाही. ‘बघू’, ‘सध्या कामात आहे’ असं म्हणून तिला महिनाभर टांगणीला लावू नका. व्हाइट डेला तिलाही इतरांसारखाच बिस्किटांचा छोटा डबा द्या, इतरांच्या सोबतच.